उन्हाळ्यात पत्र्याखाली काय ठेवावं, काय ठेवू नये

गुजरातच्या सीमेला टेकलेल्या वेवजीत, आणि एकूणच तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, पक्क्या घराला लागून पत्र्याची एक शेड आता बहुतेक ठिकाणी दिसते. कुणी तिला गॅरेज म्हणतं, कुणी नुसतं शेड. बांधताना डोळ्यांपुढे मोटारसायकल, रिक्षा किंवा टेम्पो असतो. वर्षभरात मात्र गाडीच्या तिन्ही बाजूंना घर साचत जातं: जादा गाद्या-गोधड्या, मुलांची जुनी पुस्तकं, लग्नातली भांडी, भाताच्या बियाण्याची पोती, युरियाची उरलेली गोणी, फवारणीचं औषध, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, रिकामा किंवा भरलेला गॅस सिलिंडर. वस्तू तिथे जाण्यामागे कारण एकच असतं, तिथे जागा रिकामी होती. माझं म्हणणं असं, की निदान मार्च ते जून या महिन्यांत तरी हे कारण पुरेसं धरू नये. वस्तू किती ऊन सोसते आणि किती दमटपणा सोसते, यावर तिची जागा ठरवावी. हा हिशेब एकदा नीट केला, तर गॅरेजमधलं अर्धं सामान तिथे बिनधास्त राहू शकतं आणि उरलेलं त्याच दिवशी घरात आणावं लागतं.

किनारपट्टीवरच्या माणसाला वाटतं, आपल्याकडे विदर्भासारखा उन्हाळा कुठे आहे? डहाणूच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा सहसा ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतो. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची मोजपट्टीही किनाऱ्यासाठी वेगळी आहे. मैदानी भागात ४० अंशांपासून विचार सुरू होतो, तर किनाऱ्यावर ३७ पासून. पण हा आकडा सावलीत, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. उन्हात तापलेला लोखंडी पत्रा दुपारी दोन वाजता साठ अंशांच्याही पुढे जातो, हात टेकवत नाही, आणि तो पत्रा खालच्या प्रत्येक वस्तूवर थेट उष्णता फेकत राहतो. शटर खाली ओढलेलं असेल तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंशांनी सहज चढते. म्हणजे बातमीत ३४ अंश सांगत असतील, तेव्हा तुमच्या वरच्या फळीवरची पेटी ४२-४४ अंशांत बसलेली असते. हे खरं वाटत नसेल तर दोन-तीनशे रुपयांना मिळणारा तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा यंत्र-काटा आणावा, वरच्या फळीवर ठेवावा आणि पहाटे पाच व दुपारी तीन, असे दोन आकडे आठवडाभर लिहून काढावेत. पुढचे सगळे निर्णय त्या कागदावरून घेता येतात.

ते दोन आकडे शेजारी ठेवले की खरं दुखणं कळतं. समजा पहाटे आत २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. हवेतलं पाणी तेवढंच राहून दुपारी आतलं तापमान ४२ अंशांवर गेलं, तर तीच आर्द्रता ३७ टक्क्यांवर उतरते, कारण तापलेल्या हवेची पाणी धरायची ताकद दुपटीहून जास्त वाढलेली असते. रात्री पुन्हा उलटं चक्र. लाकूड, कागद, कापूस, चामडं या सगळ्या वस्तू हवेतलं पाणी शोषतात आणि सोडतात, म्हणून त्या दर चोवीस तासांनी फुगतात आणि आकसतात. नुसत्या कोरड्या उष्णतेत जे लाकूड टिकलं असतं, ते या रोजच्या ओढाताणीत सांध्यावर उकलतं. शिवाय निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो. दमट हवा त्याला खालून लागली की पत्र्याला घाम सुटतो आणि पाऊस नसताना थेंब खालच्या पेटीवर पडतात. गळती समजून पत्रा बदलणारे लोक आहेत. खरी गरज हवा खेळती ठेवायची असते.

इथल्याच एका वस्तूवर हे सगळं दिसतं. तारपा घ्या. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारं मधमाशीचं मेण. मेण पूर्ण वितळतं ते ६२ ते ६४ अंशांना, पण चाळिशीच्या आसपासच ते मऊ पडतं आणि स्वतःच्या वजनानं सरकू लागतं. भोपळ्याची साल आणि बांबू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. त्यांच्यामधलं मेण मऊ झालेलं असेल तर सांध्यातून हवा निसटू लागते आणि दिवाळीच्या आधी तारपा काढला की त्याला सूर धरवत नाही. वस्तू मोडलेली नसते, फक्त तीन महिने पत्र्याखाली टांगलेली असते. तारपा घरातल्या भिंतीला, चुलीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून दूर टांगावा. वारली चित्राचंही तसंच. कापडावर शेण-गेरूचा थर आणि वर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग असेल, तर घडी घातलेल्या रेषेवर तो रंग सुटतो, आणि पिठाच्या वासानं कसर लागते. असं चित्र घडी न घालता सैल गुंडाळावं, रंगाची बाजू बाहेर ठेवावी, मध्ये साधं सुती कापड घालावं आणि ते घरातच ठेवावं.

यावर घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, आमच्या वेळी सगळं माळ्यावरच असायचं, काही बिघडलं नाही. ते खोटं नाही, पण तो माळा वेगळा होता. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या भिंती दमटपणा शोषतात आणि सोडतात, म्हणजे खोलीच्या आतला चढउतार त्या स्वतः अंगावर घेतात. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. खालच्या चुलीचा धूर माळ्यावरून जात असल्यामुळे कीड आणि बुरशी दोन्ही कमी राहतात. आणि माळ्यावर होतं काय? कणगीतलं भात, बांबूच्या टोपल्या, मडकी, पितळी भांडी, शेतीची अवजारं. त्यात ना औषधाच्या गोळ्या होत्या, ना लिथियमची बॅटरी, ना प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पेट्रोल. छप्पर बदललं आणि सामानही बदललं. जुन्या अनुभवाचा दाखला तितकाच जुना माळा असेल तरच द्यावा.

आता कोणत्या वस्तू पत्र्याखालून आजच उचलायच्या, ते पाहू. औषधांपासून सुरुवात करावी. बहुतेक पाकिटांवर ३० अंशांच्या खाली, काहींवर २५ अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. गुरांची औषधंही त्यातच आली. ती सहसा गोठ्यात किंवा शेडमध्येच पडून असतात आणि ऐनवेळी लागू पडत नाहीत. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर उष्णतेनं आणि दमटपणानं क्लोरीन गमावते, आणि जाता जाता आजूबाजूचं लोखंड गंजवते. उन्हाळाभर उघड्या पिशवीत राहिलेली पावडर पावसाच्या सुरुवातीला विहिरीत टाकून पाणी शुद्ध झालं असं मानणं धोक्याचं आहे. बियाण्याच्या बाबतीत तर शास्त्राचा एक फार उपयोगी ठोकताळा आहे: साठवणीचं तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि दाण्यातला ओलावा एका टक्क्यानं कमी झाला तरी दुप्पट होतं. उलट बाजूनं हिशेब करा. घरातल्या खोलीत ३० अंश आणि शेडमध्ये ४१ अंश असतील, तर शेडमधल्या भाताच्या बियाण्याचं आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येतं. रोपवाटिकेत उगवण विरळ झाली की दोष पावसाला दिला जातो. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवावेत आणि किती अंकुरले ते पाहावं. ऐंशीच्या खाली आले तर नव्या बियाण्याची सोय वेळेत करता येते.

कागदपत्रांची हानी लवकर दिसत नाही. दुकानातून मिळणारं गुळगुळीत कागदाचं बिल उष्णतेनंच छापलेलं असतं. त्यामुळे उष्णतेत तो कागद काळवंडतो किंवा अक्षरं उडून जातात, आणि फ्रिजची वॉरंटी दाखवायची वेळ आली की हातात कोरी पट्टी राहते. अशा बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. फोटोंच्या जुन्या अल्बममध्ये चित्राचा थर जिलेटिनचा असतो. दमट उष्णतेत तो चिकट होतो, पानं एकमेकांना धरतात आणि ओढली की चेहरे सोलून निघतात. चिकटलेले फोटो घाईनं ओढू नयेत, फोटोच्या जाणकाराला दाखवावेत. लॅमिनेशन केलं म्हणजे कागद सुरक्षित झाला, हा समजही अपुरा आहे. कडेनं शिरलेला दमटपणा आतच अडकतो आणि प्लॅस्टिक पिवळं पडत जातं.

बॅटरी आणि इंधन यांच्याबाबत नुकसान वस्तूपुरतं राहत नाही. इन्व्हर्टरची शिसं-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना सुमारे निम्म्यानं आयुष्य गमावते. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा फवारणी पंपाच्या लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, अशी सूचना उत्पादक देतात. पत्र्याखाली दुपारी ती मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही. म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री जागं असताना करावं, गाडी नुकतीच उन्हातून आली असेल तर तासभर थंड होऊ द्यावी, आणि महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी, काठोकाठ नव्हे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे ती वर्षभर पेटायच्या तयारीत असते. उन्हाळ्यात फक्त ती जास्त निघते आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल बाटली फुगवून बूच सैल करतं. ही वाफ हवेपेक्षा जड, गॅस सिलिंडरमधली गळतीही हवेपेक्षा जड. दोन्ही जमिनीलगत पसरतात आणि खाली बसवलेल्या प्लगची ठिणगी त्यांना पुरते. त्यामुळे भरलेला सिलिंडर बंद गॅरेजमध्ये ठेवू नये, कधीही आडवा ठेवू नये, आणि पेट्रोल गाडीच्या टाकीबाहेर साठवूच नये. डासांच्या किंवा रंगाच्या स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. ते वरच्या फळीवर, पत्र्याच्या जवळ तर मुळीच नकोत.

धान्याला कीड लागू नये म्हणून काही ठिकाणी विषारी गोळ्या वापरतात, त्यावर थोडं थांबून लिहायला हवं. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीला हवेतला दमटपणा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. आपल्याकडच्या हवेत दमटपणा मुबलक, आणि उष्णतेनं ही क्रिया अधिक वेगानं होते. गॅरेज आणि झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत किंवा एकच दार असेल तर तो वायू फटीतून घरात येतो. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. राहत्या घराला लागून त्या कुणीही, कुठल्याही कारणानं वापरू नयेत. उंदरांसाठीचं झिंक फॉस्फाईडही ओलाव्यानं तोच वायू सोडतं. धान्य नीट वाळवून, सावलीत थंड करून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरलं तर या विषाची गरज पडत नाही. फवारणीची औषधं मूळ बाटलीत, कुलपात, धान्य आणि चाऱ्यापासून दूर ठेवावीत. युरियाचं वेगळं आहे. ३० अंशांना हवेची आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया पाणी ओढू लागतो, आणि इथल्या रात्री त्याहून दमट असतात. उघडी गोणी दगडासारखी होते त्याचं कारण हेच. गोणीचं तोंड घट्ट बांधून ती फळीवर ठेवावी.

गॅरेज सुधारायचं म्हटलं की पहिला सल्ला पंख्याचा येतो आणि दुसरा एसीचा. पंखा तापलेली हवा त्याच खोलीत फिरवतो. बाहेर टाकणारा एक्झॉस्ट लावला, पण हवा आत यायला खालून वाट ठेवली नाही, तर तोही गुरगुरतो फक्त. तापलेल्या पत्र्याखाली एसी चालवणं म्हणजे विजेच्या बिलात पैशाचं पाणी करणं. आधी छप्पर हाताळावं. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर पत्रा कमी तापतो. चुन्याचा हात स्वस्त पडतो, पण पहिल्या पावसात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून शेडनेट ताणली तर ऊन पत्र्यापर्यंत पोचण्याआधीच अडतं. आतल्या बाजूनं वीतभर मोकळी जागा सोडून बांबूची चटई बांधली, तर पत्र्याची झळ सामानावर थेट येत नाही. थंडावा म्हणून पत्र्यावर पेंढा पसरू नये, एका ठिणगीचं काम असतं. मग हवा. दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला छपराच्या सांध्याजवळ वर अशी दोन भोकं ठेवावीत. चोरीची भीती रास्त आहे, उंदीर आणि सापाचीही. म्हणून भोकांना बारीक, जाड तारेची जाळी मारावी. शटर उघडं ठेवायची गरज राहत नाही. बाहेरची हवाच दमट असताना ती आत कशाला घ्यायची, असाही प्रश्न येईल. उन्हाळ्यात दिवसा ती घ्यावीच, कारण ती उष्णता बाहेर काढते. पावसाळ्याच्या झडीत मात्र जाळीवर झडप टाकावी आणि पावसानं उघडीप दिलेल्या दुपारीच उघडावी.

जमिनीकडे फारसं कुणी पाहत नाही. कोबा किंवा सिमेंटची फरशी खालचा ओलावा वर ओढते का, हे एका रात्रीत कळतं. दोन फुटांचा प्लॅस्टिकचा चौकोन जमिनीवर पसरावा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद कराव्यात आणि सकाळी उचलून पाहावं. खालच्या बाजूला थेंब किंवा काळपट डाग दिसले तर पुठ्ठ्याची एकही पेटी जमिनीला टेकवू नये. विटांवर फळ्या टाकून सामान चार-सहा इंच उचलावं आणि भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावं.

सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात भरून झाकण लावलं की काम झालं, हा उपाय फार लोकांना पटलेला आहे. हवाबंद डबा बाहेरचा दमटपणा आत येऊ देत नाही, तसाच आतला बाहेरही जाऊ देत नाही. अर्धवट सुकलेली गोधडी भरली तर दुपारच्या उष्णतेनं तिच्यातलं पाणी हवेत उतरतं आणि रात्री झाकणाला लागून परत कापडावर येतं. डबा किती घट्ट यापेक्षा तो कधी भरला याला जास्त महत्त्व आहे. वाळवणाची जुनी सवय इथे कामाला येते. गाद्या-गोधड्या, लोकरी कपडे, पुस्तकं भर उन्हाच्या दिवशी अंगणात घालावीत, पुस्तकं मात्र सावलीत वाऱ्यावर. मग सगळं सावलीत गार होऊ द्यावं आणि हवा कोरडी असतानाच, चारच्या सुमारास भरावं. गरम असताना बंद केलेल्या डब्यात पाणी सुटतं. डांबराच्या गोळ्या उष्णतेत झपाट्यानं उडतात आणि प्लॅस्टिक खराब करतात. बाळाच्या कपड्यांत तर त्या घालूच नयेत. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनच्या वासानंही फुटून कावीळ होऊ शकते. वाळलेला कडुलिंबाचा पाला, आणि वापरण्याआधी कपडे धुऊन उन्हात घालणं, एवढं बाळासाठी करावं.

मांडणी करताना दोन गोष्टी इथल्यासाठी वेगळ्या आहेत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागानं भूकंपाचे लहान-मोठे कितीतरी धक्के सोसले आहेत. म्हणून जड भांडी, बॅटरी आणि अवजारं खालच्या फळीवर ठेवावीत, लोखंडी मांडणी भिंतीला पट्टीनं आवळावी, काच आणि विषारी औषध वरच्या फळीवर नकोच. आणि उन्हाळ्यात घोणस, मण्यार, विंचू गारव्याच्या शोधात ढिगाखाली येतात. सामान रचून न ठेवता मांडून ठेवावं, जमिनीलगतचा भाग टॉर्चच्या उजेडात दिसेल असा मोकळा ठेवावा, आणि अंधारात हात घालू नये.

शेवटची आणि सगळ्यात खरी हरकत उरते: घरात जागाच नाही. उंबरगावच्या कारखान्यांत कामाला जाणारा माणूस एका खोलीत भाड्यानं राहत असेल, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कुटुंब घराला कुलूप लावून निघत असेल, तर सगळं आत घ्या हे सांगणं सोपं आहे. म्हणूनच वर वस्तू निवडून सांगितल्या. पितळ, स्टील, मातीची भांडी, अवजारं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रिकामे क्रेट, दोरखंड, नीट वाळवलेल्या गोधड्या यांना पत्र्याखालचा उन्हाळा फारसा त्रास देत नाही. घरात आणायचं सामान एका मध्यम ट्रंकेत आणि बियाण्याच्या एका कोठीत मावतं, आणि ती ट्रंक खाटेखाली जाते. भाड्यानं घेतलेल्या शेडचं छप्पर मालक रंगवत नसेल, तर निदान चटई बांधायची परवानगी मागावी. ती सोडताना काढून नेता येते. आणि हे काम पावसाआधी उरकावं, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे पाऊस लागला की उन्हाळ्यात भरलेला डबा जसा असेल तसाच चार महिने राहतो.

एकदम सगळं जमणार नसेल तर कागदांपासून सुरू करा. वनहक्काचा पट्टा, सात-बारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांच्या गुणपत्रिका आज संध्याकाळी शेडमधून काढून घरातल्या ट्रंकेत आणा आणि प्रत्येकाचा फोटो मोबाईलवर काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा. भांडं नवं घेता येतं. पट्ट्याची नक्कल मिळवायला तालुक्याला किती खेपा घालाव्या लागतात, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.